दुसऱ्या मजल्यावरचं स्टेशन

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, पण रेल्वे होती.

जर्मनीत वाल्डॉर्फला राहायला आलो त्या पहिल्या शनिवारी सामान सगळं खोक्यांत होतं. निखिल, माझा नवरा, शिडीवर चढून छताला दिवा टांगत होता आणि मी एकामागून एक खोकी फोडत होते, पण हवी ती कढई काही सापडत नव्हती. तेवढ्यात जिन्यातून खणखणीत आवाज आला. आधी काहीतरी अगम्य, मग चक्क मराठी.

"हागिमोरी! हागिमोरी! उतरणाऱ्यांनी आधी उतरून घ्यावं, चढणाऱ्यांनी कडेला उभं राहावं!"

मी दार उघडलं. समोर एक बुटके, सडसडीत गृहस्थ, डोक्याला लोकरीची टोपी, हातात ओल्या कपड्यांची टोपली. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. हे नाही.

"बेलवरची पाटी वाचली मी तुमची, म्हटलं आपलेच दिसतात," ते म्हणाले. "हागिमोरीला राहायला आलात. उत्तम स्टेशन आहे. मी पोतदार, तळमजल्यावर असतो. गाडी निघतेय, सावकाश बोलू." आणि टोपली सावरत ते वर निघूनही गेले.

"खाली एक वेडे काका राहतात," मी निखिलला म्हटलं.

"मराठी आहेत ना?" तो शिडीवरूनच म्हणाला. "मग कढई माग त्यांच्याकडे."

कढई मिळाली. त्यांच्या बायकोने, शैलाकाकूंनी, ती पोह्यांनी भरूनच वर पाठवली. आणि त्या वेडेपणाचा उलगडाही त्यांनीच केला. "अगं, जपानची एक रेल्वे लाइन आहे. तरुणपणी सहा वर्षं होते ना तिकडे. आता तू विचारू नकोस, आपोआप कळेल सगळं. मला तर झोपेतून उठवलं तरी सांगता येईल."

खरंच आपोआप कळलं. आमच्याकडे कपडे धुवायचं मशीन तळघरात, म्हणजे केलरमध्ये, आणि वाळत घालायची जागा थेट माळ्यावर. काका दर शनिवारी टोपली घेऊन केलरपासून माळ्यापर्यंत चढत. मधले मजले आणि अर्ध्या जिन्यांवरचे कोपरे धरून बरोबर नऊ थांबे होतात, आणि काकांच्या त्या जपानी सुगिओका लाइनवर स्टेशनंही नऊ. हा योगायोग लक्षात आला त्या दिवशी काकांनी फ्लॅट पक्का केला, असं काकू म्हणायच्या. त्या फ्लॅटला बाल्कनी नाही, हे त्यांना अजून लागत होतं.

काकांचं चरित्र मला धड ठाऊक नाही. मिरजेचे. वडील स्टेशनात मालधक्क्यावर कारकून, आणि मिरजेला तेव्हा तीन मापांचे रूळ होते, याचा काकांना वतनदारासारखा अभिमान. पुढे सिग्नलचे इंजिनियर झाले, जपानला गेले, मग जर्मनीला आले ते इथलेच झाले. मुलगा कॅनडात. एवढंच. स्वतःबद्दल विचारलं की ते दोन वाक्यांत आटपत. लाइनबद्दल विचारलं की नऊ थांबे पुरत नसत.

त्यांच्या टोपलीमागून चढत मी तो इतिहास ऐकला. केलर म्हणजे नदीकाठ. "ही लाइन माणसांसाठी टाकलीच नव्हती," काका सांगत. "नदीतली खडी शहरात न्यायला टाकली. घरं बांधायला खडी हवी. माणसं म्हणाली, खडी बसून जाते तर आम्ही का नाही? मग एक डबा जोडला." तळमजल्यावरून जिना वळतो, तिथे लाइनही वळायची, कारण पैसा घालणाऱ्या दारूवाल्याने हट्टाने रूळ आपल्या भट्टीच्या दारावरून नेले. "शंभर वर्षं झाली, भट्टी गेली, दारूवाला गेला, वळण आहे. रोज हजारो माणसं एका माणसाच्या हट्टापायी डावीकडे कलतात." पहिल्या मजल्यावर आल्यावर ते टोपली खाली ठेवून थांबत. लढाईच्या काळात लोखंडासाठी दुसरा रूळ उखडून नेला तो पुन्हा कधी घातलाच नाही, त्यामुळे या स्टेशनात समोरची गाडी येईपर्यंत उभं राहावं लागतं. खरोखरच कुणी खाली येत असेल तर काका भिंतीला टेकून उभे राहत आणि मान लववून वाट देत. बिल्डिंगमधल्या जर्मन लोकांना वाटायचं, काय हे सौजन्य! ते सिग्नलचे नियम होते.

त्यापुढे रेशमाच्या कोषांचं स्टेशन. आणि सहावं हागिमोरी, म्हणजे आमचा दुसरा मजला. इथे काका राहिले होते, एका टोफूच्या दुकानाच्या माडीवर. दुकान मोरीताबाई चालवायच्या. नवरा, मोरीतासान, याच लाइनवर गार्ड. काका कट्टर शाकाहारी. मिरजेतून निघताना आईने शपथ घातली होती आणि ती त्यांनी जपानमध्येही मोडली नाही. "सहा वर्षं मला त्या बाईने टोफूवर जगवलं," ते म्हणत. "आणि तिच्या नवऱ्याने मला बोट दिलं."

हे बोट म्हणजे काकांची सगळ्यात मोठी खूण. जपानी रेल्वेतली माणसं प्रत्येक गोष्ट बोट रोखून आणि मोठ्याने म्हणून तपासतात. सिग्नल हिरवा, तर नुसतं बघायचं नाही. हात ताठ करायचा, बोट रोखायचं, "हिरवा!" म्हणायचं. मग दारं, घड्याळ, फलाट. काका हे घरी करत. बाहेर पडताना दारात उभे राहून, "शेगडी, बंद! खिडकी, बंद! किल्ली, आहे! शैला, आहे!"

"मी काय छत्री आहे?" काकू म्हणायच्या. पण दर वेळी 'शैला, आहे' होईपर्यंत त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत, हे मी पाहिलेलं आहे.

मी स्वभावाने उतावळी. कुलूप लावलं की नाही हे बस सुटल्यावर आठवणारी. मला या बोटाची भयंकर गंमत वाटायची. निखिलसमोर मी काकांची नक्कलही करायची, "मीठ, आहे! नवरा, आहे! अक्कल, शोधतेय!" आणि मग व्हिसा वाढवायची पाळी आली. सरकारी कचेरीतलं टर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, सकाळी आठची, तीसुद्धा तीन महिने थांबून मिळालेली. मी फाइल बगलेत मारून धाडधाड जिना उतरत होते, तर खाली काका.

"सगळं घेतलंस?"

"घेतलं हो काका, काल दोनदा बघितलं."

"डोळ्यांनी बघितलंस. डोळा गृहीत धरतो, बोट धरत नाही. उघड."

बस चुकेल म्हणून मी आतून चरफडत होते. त्यांनी जिन्याखाली ठेवलेल्या पेटीच्या झाकणावर फाइल उघडायला लावली आणि माझंच बोट धरून एकेका कागदावर ठेवलं. करारपत्र, आहे. विम्याचा कागद, आहे. माझा पासपोर्ट, आहे. निखिलचा पासपोर्ट, आहे. आमच्या लेकीचा, इराचा पासपोर्ट. मी "आहे" म्हणायला तोंड उघडलं आणि बोटाखाली होता तो इराचा जुना, रद्द झालेला, कोपरा कापलेला पासपोर्ट. नवा वर कपाटात. मी तीन-तीन पायऱ्या गाळत वर पळाले. बस मिळाली. त्या दिवसापासून मी नक्कल करणं सोडलं आणि बोट दाखवायला लागले. ऑफिसात आधी लोक हसले. मग आमच्या टीमचा प्रमुख कुठलंही काम ग्राहकाकडे पाठवायच्या आधी मलाच बोलवायला लागला, "मेधा, दाइन फिंगर, बिट्टे!" तुझं बोट, प्लीज!

गणपतीचीही तीच गोष्ट. आमच्या मंडळाने एका शाळेचा हॉल घेतलेला. सव्वाशे माणसं, ताम्हनात कापराचा ढीग, आरती सुरू व्हायच्या बेतात. काका पुढे आले आणि हात ताठ करून सुरू झाले. "कापूर, आहे! काडेपेटी, आहे! ताम्हन, आहे!" पोरं फिदीफिदी हसतायत, अध्यक्ष घड्याळ बघतायत. मग काकांचं बोट हळूहळू वर गेलं, छताकडे. "राउखमेल्डर..." ते म्हणाले आणि थांबले. धूर झाला की कोकलणारं ते यंत्र बंद करायला कुणीच सांगितलं नव्हतं. बंब आला असता, मुलं घाबरली असती आणि तो हॉल आम्हाला पुन्हा जन्मात मिळाला नसता. आरती दारात, उघड्यावर झाली. प्रसाद वाटताना अध्यक्षांनी काकांच्या हातावर दोन मोदक जास्त ठेवले.

या रेल्वेला एकच विरोधक होता. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ त्सेलर. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या, आणि दुपारी एक ते तीन ही शांततेची वेळ त्या देवपूजेसारखी पाळायच्या. काकांच्या घोषणांबद्दल त्यांनी दोनदा लेखी तक्रार केली. काकांनी ती वाचली, "बरोबर आहे त्यांचं" म्हणाले आणि तेव्हापासून दुपारच्या गाड्या मुक्याने जायला लागल्या. प्रत्येक थांब्यावर नुसतं बोट. एकदा फ्राउ त्सेलर दार उघडून बाहेर आल्या तर समोर काका, तोंड गच्च मिटलेलं, बोट त्यांच्या पायपुसण्यावर रोखलेलं. त्या किंचाळल्या. शांततेच्या वेळात. पुढे महिनाभर काका हा किस्सा सगळ्यांना सांगत होते.

आणि मग मार्चमधल्या एका शनिवारी गाडी आमच्या मजल्यावर थांबली नाही.

मी स्वयंपाकघरात होते. रेशमाचं स्टेशन ऐकलं, आणि सवयीने गॅस बारीक केला. काकांना दारात चहा द्यायचा शिरस्ता होता. टोपलीची चाहूल लागली, पावलं दारावरून गेली आणि आवाज एकदम वरच्या वळणावर आला, सातव्या स्टेशनाचा. मी कप घेऊन तशीच उभी. वाटलं, घाईत असतील. पुढच्या शनिवारीही तेच. पाच, मग सात. मधलं गायब.

त्याच दिवशी दारावरची घंटा वाजली. फ्राउ त्सेलर.

"फ्राउ कुलकर्णी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांनी दुसऱ्या मजल्याची घोषणा केली नाही. मागच्या शनिवारीही नाही. तुमचं भांडण झालंय का?"

"नाही हो."

"आल्झो," असं तर, त्या म्हणाल्या आणि हातरुमालाची घडी उलगडून पुन्हा घातली. "मग मला काळजी वाटते."

मला आतापर्यंत वाटली नव्हती, ती तेव्हा वाटली. मी खाली गेले. काका फिरायला गेले होते. काकू टेबलाशी बसल्या होत्या, समोर निवडायची मेथी, पण हात थांबलेले. मी दुसऱ्या मजल्याचं सांगितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे तेसुद्धा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ते तरी शाबूत आहे."

मग एकेक बाहेर आलं. काका महिन्याभरापासून नावं विसरत होते. फोन उचलून मुलाशी बोलताना नातवाचं नाव त्यांना आठवलं नाही. माझ्या इराला तर परवा त्यांनी "ए, तू" म्हणून हाक मारली होती. चालताना भिंत धरत. पायांखाली जमीन नाही, गादी आहे असं वाटतं म्हणत. आणि त्या मंगळवारी त्यांनी शेगडीकडे बोट दाखवून, मोठ्याने, "बंद!" म्हटलं होतं, आणि शेगडी चालू होती.

"बोट दाखवून म्हणाले गं," काकू म्हणाल्या. "बोट दाखवून."

त्यांच्या सासूबाईंचं शेवटी तसंच झालं होतं. दोन वर्षं त्या सुनेला शेजारीण समजत होत्या आणि घरी जायचंय म्हणून रडत होत्या. काकूंनीच सगळं केलं होतं. "त्यांचं करेन मी, त्याचं काही नाही," काकू म्हणाल्या. "पण एक दिवस दारात उभे राहतील, आणि 'शैला' म्हणायचंच विसरतील. मग मी काय करू?"

 मी मेथी निवडायला घेतली.

काकांना तयार करणं सोपं गेलं, कारण मी सरळ सांगितलं. "काका, सिग्नल चुकला तर तुमच्या लाइनवर काय करतात?"

"गाडी उभी करतात आणि तपासतात."

"मग शेगडी चुकली."

त्यांनी आपल्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाले, "टर्मीन घे."

हायडेलबर्गच्या एका मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे सात आठवड्यांनी नंबर लागला. ते सात आठवडे मी शनिवारी कान देऊन बसायचे. पाच, सात. पाच, सात. दर वेळी वाटायचं, आज म्हणतील. चहा करायचे आणि स्वतःच प्यायचे.

तिकडे त्यांना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. काकांनी काढलं, काटे बरोबर दाखवले आणि मग विचारलं, "कुठल्या फलाटावरचं? फलाटावरचं घड्याळ असेल तर सेकंदकाटा लागेल." बाईंना हसू आवरेना. पण नंतर दिलेल्या पाच शब्दांपैकी दोनच त्यांना आठवले. काकूंनी माझा हात धरला होता, तो त्यांनी जो दाबला तो मला परतीच्या गाडीतही दुखत होता. बाईंनी पायांना झणझणणारा लोखंडी काटा लावून, गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिलं, रक्त घेतलं, मेंदूचा फोटो काढायला लावला. मग खाण्याबद्दल विचारलं. मांस? कधीच नाही. मासे? नाही. अंडी? नाही. दूध? गेली काही वर्षं पचत नाही म्हणून तेही बंद, चहासुद्धा कोरा. आणि पोटातल्या आम्लासाठी रोज गोळी, गेली दहा वर्षं. बाई लिहीत राहिल्या. "गेनाऊ," अगदी बरोबर, एवढंच मध्ये एकदा म्हणाल्या.

बारा दिवसांनी पुन्हा बोलावलं. काका मध्ये, मी आणि काकू दोन्ही बाजूंना. बाईंनी कागद आमच्याकडे फिरवला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. अगदी काकांसारखं.

"बी-ट्वेल्व्ह," त्या म्हणाल्या. "जवळजवळ नाहीच. पायांचं त्यानेच. विसरण्याचंही, माझ्या मते, त्यानेच. मेंदूच्या फोटोत वयाला शोभेल एवढंच आहे. इंजेक्शनं द्यायची. तुम्ही वेळेत आलात. यातलं बरंचसं परत येतं."

"म्हणजे त्यांच्या आईंसारखं नाही?" काकूंनी विचारलं. मराठीतच विचारलं. इतक्या वर्षांचं जर्मन त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे. मी भाषांतर केलं.

"नाइन," बाई नकारार्थी मान हलवत म्हणाल्या. "आज तरी मला तसं काही दिसत नाही."

काकू रडल्या, मग हसल्या आणि मग पिशवीतून डबा काढून त्यांनी बाईंना बेसनाचा लाडू दिला. चांगलं झालं तर द्यायला आणला होता, आणि वाईट झालं तर परत न्यायचा होता, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. आईची शपथ इतकी वर्षं जपलेल्या माणसाला शेवटी त्या शपथेनेच गोत्यात आणलं होतं, आणि ते एका सुईने सुटणार होतं. मला तर तिथल्या तिथे कुणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती. बाईंनाच मारली असती, पण मध्ये टेबल होतं.

परतताना आम्ही हायडेलबर्गच्या फलाटावर बाकावर बसलो. तिघंही हलके झालो होतो. काकू डब्यातला उरलेला लाडू काकांना भरवत होत्या आणि काका भर फलाटावर खुशाल भरवून घेत होते. माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट राहिली होती.

"काका, आता बरं वाटायला लागलं की आमचा मजला आठवेल ना?"

"कुठला मजला?"

"दुसरा. हागिमोरी. तीन महिने झाले, तुम्ही विसरताय."

काकांनी लाडू गिळला. "विसरलो नाही," ते म्हणाले. "ते स्टेशन बंद झालं."



मोरीतासान कधीच गेले होते. त्यांची मुलगी दर वर्षी एक कार्ड पाठवायची, हे काकूंना ठाऊक होतं. या वेळी कार्डासोबत रेल्वेची छापील सूचना होती. आसपासची तरुण माणसं शहरात गेली, शाळा बंद पडली, टोफूचं दुकान तर आधीच गेलं होतं. सकाळी दोन-तीन म्हाताऱ्या बायका चढायच्या, तेवढ्यासाठी गाडी थांबायची. मार्चपासून थांबणार नव्हती.

"अहो, मग बोलायचं नाही का?" काकूंचा आवाज चढला. "इथे मी रोज मरतेय! मला वाटलं, तुमचं सगळंच..."

"बंद स्टेशनाची घोषणा करायची नसते," काका म्हणाले. "कुणीतरी उतरायला दाराशी जातो आणि पडतो. मोरीतासाननी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, जे आहे तेच म्हणायचं. नाही त्याला 'आहे' म्हणालास तर माणूस मरतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि हिला काय सांगू? हौसेने राहतात पोरं त्या मजल्यावर. तुमचं स्टेशन बंद झालं म्हणून सांगायचं?"

मला हसावं की रडावं कळेना. नातवाचं नाव विसरणारा, शेगडी विसरणारा माणूस, पण ही एक गोष्ट त्याने तीन महिने अचूक पाळली होती. आम्ही जिला आजाराची सगळ्यात मोठी खूण समजत होतो, तीच तेवढी धडधाकट होती. काकूंनी पदराने तोंड दाबलं. मला वाटलं पुन्हा रडतायत, तर त्या हसत होत्या, खांदे हलेपर्यंत.

"पण काका," मी म्हटलं, "गाडी बंद स्टेशनावरून जातेच ना? रूळ तर तोच. ड्रायव्हर काय, डोळे मिटून घेतो?"

काकांनी समोरच्या रुळांकडे बघितलं. 

"नाही," ते म्हणाले. "बोट दाखवतो. 'न थांबता पुढे' म्हणतो."

पुढच्या शनिवारी मी दार उघडं ठेवूनच बसले. केलर, तळमजला, वळण, समोरची गाडी, रेशीम. पावलं आली. काका आमच्या दारात उभे राहिले, टोपली कमरेवर, हात ताठ, आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "हागिमोरी! गाडी थांबत नाही!" आणि हे सांगायला पाच मिनिटं थांबले आणि चहा पिऊन गेले. वरून फ्राउ त्सेलर कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "ना एंडलिश!" अखेरीस एकदाचं!

इंजेक्शनांनी सावकाश गुण आला. उन्हाळ्यात भिंत सुटली. दिवाळीत नातवाचं नाव फोनवर आपणहून घेतलं. इराला एक दिवस त्यांनी जिन्यात पूर्ण नावाने, बापाच्या नावासकट हाक मारली आणि ती मला येऊन म्हणाली, "आई, एर वाइस एस वीडर!" त्यांना परत आठवतंय. मला तेव्हा जे वाटलं ते सुटका या शब्दाशिवाय दुसऱ्या शब्दात सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी निखिलला म्युनिकजवळ, उंटरश्लाइसहाइमला नोकरी लागली आणि आम्ही वाल्डॉर्फ सोडलं. सामान आधी गेलं. आम्ही तिघं गाडीने निघालो. काका-काकू स्टेशनावर आले होते. काकूंनी पोह्यांचा डबा दिला, कढईसकट. काकांनी खिशातून काहीतरी पांढरं काढलं आणि हातांवर चढवलं. मोरीतासानचे, गार्डाचे हातमोजे, काकू माझ्या कानाशी म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी ते कधीच पाहिले नव्हते.

आम्ही डब्यात चढलो आणि खिडकीशी उभे राहिलो. काका फलाटावर दोन पावलं मागे सरले, हात ताठ केला आणि एकेकावर बोट रोखलं. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठ वाचता येत होते. बॅगा, आहेत. डबा, आहे. निखिल, आहे. इरा, आहे. मेधा, आहे. मग त्यांनी डोकं वळवलं, शेजारी बघितलं आणि बोट न रोखता, नुसतंच म्हणाले. शैला, आहे.

दारं मिटली. काकांचा हात पुढच्या रुळाकडे गेला, रस्ता मोकळा आहे असं सांगायला. गाडी हलली तसा मीही हात ताठ केला, काचेला बोट टेकलं आणि भर डब्यात, मोठ्याने म्हटलं, "पोतदारकाका, आहेत!"

समोरच्या बाकावरच्या बाईंनी पेपर खाली करून माझ्याकडे बघितलं. बघू दे, म्हटलं. फलाट संपेपर्यंत मी बोट खाली घेतलं नाही.